यंत्रांचें एकमत

श्रोत्यांच्या घरांत तारेंतून येणारा विजेचा प्रवाह एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें जातो आणि पन्नास वेळां मागें येतो. मुंबईच्या चाळींत जें पन्नास, तेंच पन्नास श्रीनगरास, गुवाहाटीस आणि कन्याकुमारीस. कोयनेच्या पाण्यावर फिरणारें जनित्र, चंद्रपूरच्या कोळशावर फिरणारें जनित्र आणि तारापूरच्या अणुशक्तीवर फिरणारें जनित्र हीं एकमेकांपासून कितीहि दूर असलीं, तरी देशांतील अशीं शेंकडों यंत्रें रात्रंदिवस एकाच तालावर चाललेलीं असतात. एखादें यंत्र ह्या तालाला चुकलें, तर त्याला तत्काळ जाळ्यांतून तोडून बाजूस काढावें लागतें. आणि यंत्रांचे समुदायच्या समुदाय एकमेकांशीं बेताल झाले, तर काय होतें, हें २०१२ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस अर्ध्या भारतानें दोन दिवस अनुभविलें.

हा ताल धरतो कोण? सामान्यतः लोकांची अशी समजूत असते कीं, कोठें तरी एक मोठें कार्यालय असेल आणि तेथून सर्व यंत्रांना हुकूम सुटत असतील. अशीं कार्यालयें आहेत. पश्चिम विभागाचें भारप्रेषण केंद्र मुंबईस अंधेरीला आहे, महाराष्ट्राचें कळव्यास आहे, आणि तेथील मंडळी डोळ्यांत तेल घालून काम करतात. परंतु ताल तेथून निघत नाहीं. तो यंत्रांचा आपसांतला व्यवहार आहे. कार्यालयांचें काम त्या एकमताला योग्य ठिकाणीं टेकविण्याचें, आणि हें काम पहिल्यापेक्षां पुष्कळ अवघड आहे.

निर्जीव वस्तूंचें एकमत होऊं शकतें, हें प्रथम ध्यानीं आलें तें एका आजारी माणसाच्या. १६६५ सालच्या फेब्रुवारींत ख्रिस्तियान हॉयगेन्स हा डच शास्त्रज्ञ अंथरुणास खिळला होता. समोर त्यानेंच बनविलेलीं लंबकाचीं दोन घड्याळें टांगलेलीं होतीं. पडल्या पडल्या त्याला दिसलें कीं, एकाचा लंबक डावीकडे जातो त्याच क्षणीं दुसऱ्याचा उजवीकडे जातो, आणि ह्या जोडीत तिळमात्र अंतर पडत नाहीं. त्यानें मुद्दाम एका लंबकाची चाल मोडून पाहिली. अर्ध्या तासाच्या आंत दोघे पुन्हां पूर्ववत् जुळले. प्रथम त्याला वाटलें, मधल्या हवेच्या हालचालीनें हें घडत असावें. शोध करतां करतां उलगडा झाला कीं, दोन्ही घड्याळें एकाच आधाराला टांगलेलीं होतीं, आणि प्रत्येक लंबकाच्या हेलकाव्यानें तो आधार डोळ्याला न दिसण्याइतका हालत होता. ती सूक्ष्म हालचाल हेंच त्यांचें संभाषण. आधार वेगळे केले कीं एकमत संपलें.

विजेच्या जाळ्यांत, ज्याला ग्रिड म्हणतात त्यांत, त्या आधाराचें काम तारा करतात. पण श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लहानपणीं घरांत जातें पाहिलें असेल, त्यांना हॉयगेन्सच्या घड्याळांपेक्षां जात्याचा दाखला अधिक पटेल. दोघी जावा एका जात्यावर समोरासमोर बसल्या आहेत. खुंटा एकच. एकीचा हात थकला, तर दुसरीच्या हातावर भार अधिक येतो. पण दोघींचे हात फिरतात ते एकाच वेगानें, कारण वेगळ्या वेगानें फिरण्याची सोयच नाहीं. श्रम विषम असूं शकतात, वेग विषम असूं शकत नाहीं. जात्याच्या तोंडांत वैरणीची मूठ मोठी पडली कीं जातें जड होतें, वेग किंचित् उतरतो, आणि हा उतार दोघींच्याहि मनगटांना एकदमच कळतो. ‘दळण जड झालें हो’ असें कोणी कोणाला सांगावें लागत नाहीं.

विजेच्या जाळ्यांत वैरण घालणारे आपण सर्व. संध्याकाळीं दिवे लागले, उन्हाळ्यांत पंखे आणि शीतयंत्रें सुरू झालीं, शेतांतले पंप चालू झाले, कीं जातें जड होतें. सर्व जनित्रांचा वेग एक केसभर उतरतो. पन्नासाचे एकोणपन्नास पूर्णांक नऊ दशांश होतात. प्रत्येक जनित्रापाशीं एक नियामक असतो. जेम्स वॉटनें १७८८ च्या सुमारास वाफेच्या एंजिनाला दोन फिरते गोळे लावून जो नियामक बसविला, त्याचाच तो वंशज. वेग उतरला कीं तो वाफेची किंवा पाण्याची वाट अधिक उघडतो, वेग चढला कीं आवळतो. ह्यांत एक मार्मिक तजवीज आहे. वेगांत अमुक टक्के उतार झाला तर आपल्या शक्तीच्या अमुक टक्के भार अधिक उचलावयाचा, असें प्रमाण प्रत्येक यंत्राला आधींच ठरवून दिलेलें असतें. म्हणून मोठें यंत्र मोठा वांटा उचलतें, लहान यंत्र लहान. आणि ही वांटणी करावयास पंच बसवावे लागत नाहींत. प्रत्येक यंत्र फक्त स्वतःच्या वेगाकडे पाहतें. सर्वांचा वेग एकच असल्यामुळें, स्वतःकडे पाहणें हेंच सर्वांकडे पाहणें होतें.

तथापि नियामक उतार थांबवितात. गेलेला वेग ते पूर्णपणें परत आणीत नाहींत. सर्वांचें एकमत होतें, पण तें पन्नासावर न होतां त्याच्या जरासें खालीं होतें. येथें ह्या विषयाचा खरा गाभा आहे. एकमत होणें ही एक गोष्ट, आणि योग्य ठिकाणीं एकमत होणें ही अगदीं निराळी गोष्ट.

१९७४ सालीं मॉरिस डिग्रूट ह्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें हाच प्रश्न माणसांच्या मंडळापुरता घेऊन गणितानें मांडला. मंडळांतील प्रत्येक सभासद आपलें मत इतरांच्या मतांशीं ताडून पाहतो, ज्याच्यावर जितका विश्वास तितकें त्याच्या मताला वजन देतो, आणि त्या सर्वांची सरासरी हेंच आपलें नवें मत म्हणून धरतो. पुन्हां ऐकतो, पुन्हां सरासरी काढतो. विश्वासाचे धागे सर्वांना एकमेकांशीं पुरेसे जोडीत असतील, तर अखेर सर्व एकाच मतावर येतात. धागे मध्येंच तुटलेले असतील, तर गट पडतात आणि प्रत्येक गट आपापल्या मतावर स्थिरावतो. कोणतें मत विजयी होणार हें धाग्यांच्या वजनावर ठरतें. तें मत खरें असेल अशी हमी मात्र हें गणित देत नाहीं, आणि प्रामाणिक गणितानें ती देऊंहि नये.

ह्याचें एक गमतीचें प्रत्यंतर युरोपांत २०१८ सालीं आलें. त्या खंडांतील पंचवीस देशांचें जाळें एकत्र फिरतें. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यामधील जुन्या राजकीय भांडणामुळें त्या कोपऱ्यांत वापर होत होता तितकी वीज जाळ्यांत घातली जात नव्हती, आणि तूट कोणी भरावयाची ह्याचा निकाल लागत नव्हता. तूट लहान होती. पण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत सबंध खंडाचा वेग सरासरीनें ४९.९९६ वर राहिला. दिवे लागत होते, कारखाने चालत होते. फक्त ज्या घड्याळांना विजेच्या आवर्तनांवरून वेळ मोजण्याची संवय असते, तीं स्वयंपाकघरांतल्या भट्ट्यांवरचीं आणि बिछान्याशेजारचीं घड्याळें रोज थोडथोडीं मागें पडूं लागलीं, आणि मार्च उजाडेपर्यंत सुमारें सहा मिनिटें मागें पडलीं. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतच्या त्या घड्याळांचें आपसांत पूर्ण एकमत होतें, आणि तीं सर्वच्या सर्व चुकत होतीं.

मग हें एकमत पन्नासावर टेकवावें कसें? शेंकडों यंत्रांना निरनिराळे हुकूम सोडणें व्यवहार्य नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. भजनाला वीस टाळकरी असतात. लय पळूं लागली तर कोणी वीस जणांचे हात धरीत बसत नाहीं. पखवाजी सावरला कीं टाळ आपोआप सावरतात. मात्र पखवाजी अशा ठिकाणीं बसला पाहिजे कीं त्याचा ठेका सर्वांना ऐकूं जावा. देवळाच्या ओवरींत बसवून उपयोग नाहीं. जाळ्यांच्या शास्त्रांत गेल्या कांहीं दशकांत ह्याच गोष्टीचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे: किती थोड्या सभासदांना खुंट मारून ठेवलें म्हणजे सर्व समुदाय इष्ट स्थळीं येतो, आणि ते सभासद कोणते निवडावे. विजेच्या जाळ्यांत निवडक केंद्रांना दर थोड्या सेकंदांनीं संदेश जातो, कीं आतां इतकी वीज वाढवा, आतां इतकी कमी करा. बाकीचीं यंत्रें आपोआप त्यांच्या मागें येतात. भारतांत ह्याचा पहिला प्रयोग २०१८ सालीं दिल्लीजवळच्या दादरी केंद्रावर झाला. नंतर प्रत्येक विभागांत एकेक केंद्र घेण्यांत आलें, आणि पश्चिम विभागांत तो मान नागपूरजवळच्या मौद्याला मिळाला.

त्यापूर्वी आपल्याकडे काय होतें? खरें सांगावयाचें तर, फारसें कांहींच नव्हतें. १९९० च्या दशकांत उन्हाळ्याच्या संध्याकाळीं ताल एकोणपन्नासाच्याहि बराच खालीं उतरे, आणि पावसाळ्यांत मध्यरात्रीं मागणी मेली कीं एकावन्नाच्या वर चढे. वेग फार उतरला तर टर्बाइनच्या पात्यांना इजा पोहोंचण्याचा संभव, म्हणून केंद्रचालक हवालदिल. आणि राज्यांचीं वीजमंडळें मात्र आपल्या वांट्याहून अधिक वीज ओढण्यांत दंग. प्रत्येकाचें म्हणणें एकच, कीं शेजाऱ्यानें भारनियमन करावें. समाईक विहिरीवर मोट चालविणाऱ्या भाऊबंदांना हा प्रकार नवा वाटणार नाहीं.

ह्यावर जो उपाय निघाला तो मोठ्या कल्पकतेचा होता. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागांत, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानें इतर विभागांत, ठरल्यापेक्षां अधिक ओढलेल्या विजेचा दर तालाला बांधण्यांत आला. ताल ५०.५ वर असेल, म्हणजे वीज मुबलक असेल, तेव्हां जास्त ओढलेली वीज फुकट. ताल जसजसा उतरेल तसतसा दर चढत जाणार, आणि एकोणपन्नासाजवळ तो कमाल होणार. ज्यानें कमी ओढली त्याला त्याच दरानें पैसे मिळणार. आतां कळव्याच्या अधिकाऱ्याला लखनौचा किंवा भोपाळचा अधिकारी काय करतो आहे हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. भिंतीवरच्या एका आंकड्याकडे पाहून प्रत्येकानें आपला निर्णय आपण घ्यावयाचा. वॉटच्या नियामकाला जें काम गोळ्यांच्या वजनानें साधलें, तेंच येथें पैशानें साधलें. ताल सुधारला, पुढें परवानगीचा पट्टाहि टप्प्याटप्प्यानें अरुंद करण्यांत आला, आणि जो प्रथम ४९.० ते ५०.५ होता, तो २०१४ सालीं ४९.९० ते ५०.०५ इतका झाला.

सुधारणा किती झाली ह्याची परीक्षा ५ एप्रिल २०२० च्या रात्रीं झाली. त्या रात्रीं नऊ वाजतां देशभर लोकांनीं नऊ मिनिटें दिवे मालवावे असें पंतप्रधानांनीं आवाहन केलें होतें. मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटनें उतरेल असा तज्ज्ञांचा अंदाज होता. ती सुमारें एकतीस हजारांनीं उतरली. चालत्या जात्यांतली वैरण कोणी एकाएकीं काढून घ्यावी, तसा हा प्रकार. तो भार झेलला मुख्यतः पाण्यावरच्या केंद्रांनीं, कारण कोळशाची भट्टी मिनिटांत शमत नाहीं, पण पाण्याची झडप मिटते. तीं केंद्रें साडेपंचवीस हजार मेगावॉटवरून आठ हजारांवर आलीं, आणि दिवे पुन्हां लागतांच पुन्हां वर गेलीं. त्या अवधींत ताल ४९.७० च्या खालीं गेला नाहीं आणि ५०.२६ च्या वर गेला नाहीं. घरोघरीं पणत्या लावणाऱ्यांना ह्याची वार्ताहि नव्हती, आणि हेंच त्या कामाचें यश.

आतांपर्यंतचें वर्णन ऐकून कोणी म्हणेल, एकमत हें चांगलें, तेव्हां जितकें मोठें जाळें आणि जितकें घट्ट एकमत तितकें उत्तम. ही समजूत अर्धीच खरी आहे.

भारताचें जाळें आरंभीं एक नव्हतें. उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य असे पांच विभाग, पांच निरनिराळे ताल. विभागांना वीज एकमेकांना द्यावीशी वाटे, परंतु ताल जुळविण्याची तयारी नव्हती. त्यावर तोड अशी काढण्यांत आली कीं, एका विभागाची प्रत्यावर्ती वीज सीमेवर सरळ प्रवाहांत बदलावयाची आणि दुसऱ्याच क्षणीं ती पुन्हां दुसऱ्या विभागाच्या तालाच्या प्रत्यावर्ती विजेंत बदलावयाची. चंद्रपूर जिल्ह्यांत भद्रावतीला असें एक केंद्र आहे. एक हजार मेगावॉट वीज त्यांतून पश्चिमेकडून दक्षिणेकडे किंवा उलट नेतां येते. एखाद्या दुभाष्याप्रमाणें हें केंद्र दोन्हीकडचा व्यवहार चालवितें, पण एकाचा कोप दुसऱ्याच्या कानीं जाऊं देत नाहीं. ईशान्य आणि पूर्व १९९१ सालीं एकतालांत आले. मार्च २००३ मध्यें पश्चिम त्यांना मिळाला, आणि ऑगस्ट २००६ मध्यें उत्तर. दक्षिण तेवढा बाहेर राहिला.

२०१२ च्या जुलैंत पाऊस लांबला होता. उत्तरेंत पंप चालले होते, उकाडा होता, आणि तेथील राज्यें आपल्या वांट्याहून पुष्कळ अधिक वीज ओढीत होतीं. पश्चिमेंत पाऊस झालेला, मागणी उतरलेली, वीज उरत होती. ती सर्व उत्तरेकडे धांवत होती, आणि धांवण्याच्या वाटा थोड्या होत्या: कांहीं वाहिन्या दुरुस्तीसाठीं व वाढीव दाबाच्या कामासाठीं बंद ठेवलेल्या. बीना ते ग्वाल्हेर ह्या चारशें किलोव्होल्टच्या वाहिनीवर भार दाटला. ३० जुलैला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनीं ती वाहिनी तुटली. वस्तुतः तिच्यांत कांहींहि बिघाड झालेला नव्हता. प्रवाह फार वाढला आणि दाब उतरला, तेव्हां संरक्षक यंत्राला वाटलें कीं दूर कोठें तरी तार जमिनीला लागली. जत्रेंतली रेटारेटी पाहून पहारेकऱ्यानें दंगा झाला असें समजून वेस लावून घ्यावी, तसें त्यानें केलें.

वेस लागली, पण जत्रा ओसरली नाहीं. पश्चिमेची वीज आतां पूर्वेच्या लांबच्या वळणानें उत्तरेकडे जाऊं पाहूं लागली. लांब वाट म्हणजे सैल बंधन. उत्तरेचीं यंत्रें भारानें मंदावूं लागलीं, पश्चिमेचीं भार हलका झाल्यानें पळूं लागलीं. जात्याच्या खुंट्यावरचे दोन हात एकमेकांना हिसके देऊं लागले. कांहीं सेकंदांत उत्तर आणि पूर्व यांच्यामधल्या वाहिन्या एकामागून एक तुटल्या. एकटा पडलेला उत्तर विभाग सुमारें छत्तीस हजार मेगावॉटचा भार घेऊन बसला होता, आणि तितकी वीज त्याच्या घरांत नव्हती. अशा वेळीं कांहीं गांवें आपोआप तोडून बाकीच्यांना वांचविण्याची यंत्रणा नियमाप्रमाणें बसविलेली होती. परंतु तिनें जितकी सुटका द्यावयास हवी होती तितकी दिली नाहीं. सबंध उत्तर अंधारांत गेला.

दिवस मावळेपर्यंत दिवे आले, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक वाजतां तीच वाहिनी त्याच कारणानें पुन्हां तुटली. ह्या खेपेस हिसक्यांचा मध्य पूर्वेच्या हद्दींत पडला, त्यामुळें तुटणारी वाटहि बदलली: पश्चिम वेगळा झाला, आणि उत्तर, पूर्व, ईशान्य हे तिन्ही विभाग एकमेकांच्या गळ्यांत गळा घालून बुडाले. सुमारें अठ्ठेचाळीस हजार मेगावॉटचा भार गेला, आणि साठ कोटींहून अधिक लोक राहतात त्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, बंगाल-झारखंडच्या कोळशाच्या खाणींत शेंकडों कामगार अडकले; ते पुढें सुखरूप वर आले.

दक्षिण विभाग मात्र त्या दिवशीं बुडाला नाहीं. भद्रावतीसारख्या दुभाष्यांनीं तो कल्लोळ पलीकडे पोहोंचूंच दिला नाहीं. आणि बुडालेल्या प्रदेशांतहि कांहीं लहान बेटें जिवंत राहिलीं: कोलकात्याचें शहरी वीजजाळें, बोकारोचा पोलादाचा कारखाना, नरोऱ्याचें अणुकेंद्र. त्यांनीं वेळींच थोरल्या जाळ्याशीं नातें तोडलें आणि आपल्यापुरतें लहानसें एकमत केलें.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं सर्वांनीं वेगवेगळेंच राहावें, तर त्यालाहि एक उत्तर आहे, आणि तें जपानांत मिळतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनें जर्मन यंत्रें घेतलीं, ओसाकानें अमेरिकन. परिणामीं पूर्व जपान आजहि पन्नास आवर्तनांवर चालतो आणि पश्चिम जपान साठांवर. मार्च २०११ मध्यें भूकंप व त्सुनामीनें फुकुशिमाचें अणुकेंद्र आणि इतर अनेक केंद्रें बंद पडलीं, तेव्हां टोकियोच्या बाजूस विजेचा दुष्काळ पडला. पश्चिमेकडून मदत व्हावी, तर मधल्या दुभाष्या केंद्रांची एकंदर शक्ति हजार मेगावॉटच्या आसपास. एकाच देशांत राहून शेजाऱ्याची वीज शेजाऱ्याला पोंचेना, आणि टोकियोच्या परिसरांत पाळीपाळीनें अंधार करावा लागला.

म्हणून भारतानें २०१२ च्या आपत्तीनंतर जाळें तोडलें नाहीं, उलट वाढविलें. ३१ डिसेंबर २०१३ ला संध्याकाळीं रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडण्यांत आली आणि दक्षिण विभाग उरलेल्या भारताशीं एकतालांत आला. सोलापूरकरांनीं ह्याबद्दल अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं. देशाचा विजेचा ताल एक झाला तो त्यांच्या वेशीवर. भद्रावतीचें केंद्र त्यामुळें निकामी झालें नाहीं, कारण आपल्या इच्छेप्रमाणें नेमकी इतकीच वीज ह्या बाजूनें त्या बाजूस ढकलणें हें त्यालाच साधतें. आणि बांगलादेशाशीं २०१३ सालींच जो विजेचा व्यवहार सुरू झाला, तो भेडामारा येथें दुभाष्या ठेवूनच. भूतानशीं ताल जुळलेला, बांगलादेशाशीं नाहीं. असा हा एक संसार आणि शेजारधर्म.

एकमत ठेवावयाचें, पण संकटसमयीं गट पाडून निसटतांहि यावें, हें बोलण्यास सोपें आहे. मुंबईनें त्यासाठीं १९८० च्या दशकापासून व्यवस्था करून ठेवलेली आहे. बाहेरचें जाळें ढासळूं लागलें तर शहरानें आपोआप तुटून निघावें, आणि तुर्भें बंदराजवळचीं व सह्याद्रीच्या घाटाखालचीं केंद्रें यांच्या बळावर आपला ताल आपण धरावा, अशी ती योजना. तिनें अनेकदां शहराला वांचविलें, आणि मुंबईचा दिवा जात नाहीं अशी त्या शहराची प्रौढी झाली ती तिच्या जोरावरच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळीं दहाच्या सुमारास मात्र कळवा-खारघरकडून येणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकापाठोपाठ गेल्या, शहर तुटून निघालें, आणि तें बेट टिकलें नाहीं. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. रुग्णालयांना आपापल्या डिझेल-यंत्रांचा आधार घ्यावा लागला. कारण कठीण नव्हतें. मधल्या वर्षांत शहराची भूक वाढत गेली होती, बाहेरची वीज स्वस्त म्हणून आंतलीं यंत्रें कमी चालविलीं जात होतीं. बेट करावयाचें तर बेटावर दाणागोटा पाहिजे. योजना कागदावर तीच राहिली, खालची भूमि सरकली होती.

ह्या कथेंत अलीकडे एक नवें प्रकरण सुरू झालें आहे. आतांपर्यंतचीं यंत्रें अवजड होतीं. शेंकडों टन पोलाद मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनीं फिरत असतें, तेव्हां वैरण वाढली तरी तें एकदम थबकत नाहीं. त्या जडपणामुळें नियामकाला विचार करण्यास कांहीं सेकंद मिळतात. सूर्यप्रकाशावरच्या पट्ट्यांत फिरणारें कांहीं नाहीं. त्यांची वीज इन्व्हर्टरमधून जाळ्यांत येते, आणि सामान्य इन्व्हर्टर हा उत्तम अनुयायी असतो: जाळ्याचा ताल ऐकतो आणि त्याला साथ देतो. सर्वच अनुयायी झाले, तर ताल कोणाचा ऐकावयाचा? २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियांत वादळानें मनोरे पडले, दाबाच्या हिसक्यांनीं पवनचक्क्यांची वीज तुटली, शेजारच्या राज्याशीं जोडणारी वाहिनी भार न सोसून गेली, आणि एकटें पडलेलें तें राज्य इतक्या झपाट्यानें खालीं आलें कीं, कांहीं भाग तोडून बाकीचा वांचविण्याच्या यंत्रणेला अवसरच मिळाला नाहीं. पुढें त्या राज्यानें दोन उपाय केले. मोठ्या विद्युत्घटमाला उभारल्या, आणि त्यांतील कांहींच्या इन्व्हर्टरांना अनुयायी न राहतां स्वतः ताल धरावयास शिकविलें. दुसरा उपाय जुन्या वळणाचा आहे. २०२१ सालीं तेथें दोन उपकेंद्रांत मिळून चार प्रचंड यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांना भट्टी नाहीं, पाणी नाहीं, आणि तीं वीज उत्पन्न करीत नाहींत. उलट थोडी खातात. जाळ्याला जोडलेलीं, पन्नासाच्या तालावर, तीं नुसतीं फिरत असतात.